टाकीची तीन कुलपं

शाळा, घर आणि गाव हे एकाच चुलीचे तीन दगड आहेत, आणि हे तिन्ही दगड आपापल्या जागी घट्ट बसले तरच उद्याची पिढी नीट शिजून निघते. वरून आलेल्या परिपत्रकात असं वाक्य होतं. हेडमास्तरांनी ते सभेत दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा कापऱ्या आवाजात. चुलीला दगडांखेरीज जळणही लागतं, ते कुठून आणायचं याबद्दल परिपत्रक गप्प होतं. ती जागा आपसूक पाणीवालीकडे आली.

पाणीवाली म्हणजे शाळेत पाणी भरणारी बाई. टाकीवरून बादल्या आणून व्हरांड्यातली दोन पिंपं भरायची, वर्ग झाडायचे, टेबलं पुसायची, पोरांनी ओकलं तर तेही निस्तरायचं, असं तिचं काम. पगार म्हणावा असा नव्हता. पण कामावर असेपर्यंत रोज दोन हंडे पाणी घरी न्यायची मुभा होती. बऱ्या वर्षी या मुभेकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्या वर्षी तीच खरी कमाई होती.

कारण त्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा आला, उंबऱ्यातूनच चौकशी करून निघून गेला. विहिरींचे तळ उघडे पडले. दगडाच्या खाणीत यंत्रांना पाणी नाही म्हणून खाण बंद झाली, आणि पाणीवालीचा नवरा घरी येऊन बसला. बसला म्हणजे आडवा झाला. वीस वर्षं घण मारून त्याची कंबर अशी झाली होती, की उभं राहायचं तर आधी तिची परवानगी काढावी लागे. गावाला आठवड्यातून कधीतरी टँकर येई, त्यावर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत. आटला नव्हता तो एकटा शाळेचा बोअर.

मग व्हायचं तेच झालं. वर्ग चालू असताना बायका हंडे घेऊन शाळेत शिरू लागल्या. मास्तर अंगावर धावले. एका मास्तरांच्या पाठीत चिखलाचा गोळा बसला. कोणीतरी नळाची तोटीच काढून नेली. शाळा म्हणे गाव पाणी चोरतं, गाव म्हणे मास्तर अंघोळीला नेतात, पालक म्हणत दोघंही चोर आहेत आणि आमची पोरं तहानलेली. या भांडणात विशेष म्हणजे कोणीच खोटं बोलत नव्हतं.

अशा वेळी ते परिपत्रक आलं. भागीदारी करा, असा हुकूम होता. सभेत ठरलं की टाकीचं पाणी फक्त मुलांचं, कारण मुलं सगळ्यांची. टाकीभोवती खोली बांधली, लोखंडी दार बसवलं. दाराला कुलूप कोणाचं, यावर सभा दिवे लागेपर्यंत चालली. शेवटी तिघांची तीन कुलपं ठरली. शाळेतर्फे हेडमास्तर. पालकांतर्फे शिंपी, कारण शाळेचे गणवेश तोच शिवायचा आणि त्यामुळे प्रत्येक मुलाच्या छातीचं माप त्याला माहीत होतं. गावातर्फे तात्या, कारण तात्यांना घेतलं नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

साखळी कोणी आणायची हे मात्र ठरलं नाही. शाळा म्हणाली गावानं, गाव म्हणालं पालकांनी. वेल्डिंगवाला दार बसवून ताटकळत उभा होता. त्याच्याकडे कुत्र्याची एक जुनी साखळी होती. दाराच्या दोन कड्यांतून तिचे वेढे देताना ती आखूड पडली, टोकं एकमेकांना पोचेनात. त्यानं तिन्ही कुलपं एकात एक अडकवून मधली फट भरून काढली आणि "मोठी आणा मग बदलून देतो" म्हणत जेवायला निघून गेला.

नियम असा झाला: रोज सकाळी तिघांनी यायचं, आपापलं कुलूप आपापल्या हातानं उघडायचं आणि तसंच लटकतं ठेवून मागं सरायचं. तिन्ही उघडेपर्यंत साखळीला कोणी बोट लावायचं नाही. मग पाणीवालीनं साखळी ओढायची, शाळेची पिंपं भरायची, आपले दोन हंडे घ्यायचे, आणि साखळी-कुलपं होती तशी अडकवून द्यायची. तिघांनी आपापलं कुलूप दाबून लावायचं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या सकाळी पाणीवाली तात्यांच्या अंगणात उभी राहिली. तात्या बाजेवर बसून दात घासत होते.

"तात्या, चला. टाकी उघडायचीय."

तात्यांनी चूळ तिच्या पायांच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही, अशी टाकली. "हेडमास्तर आलाय?"

"येतीलच."

"येतीलच म्हणजे आला नाही. मी काय त्याचा दरवान आहे, आधी जाऊन उभा राहायला? तो आला की हाक मार."

"मग किल्ली तरी द्या, मी उघडून आणून देते."

तात्या हसले. "अगं, बायकोला नाही दिली कधी कपाटाची, तुला देतोय!"

ती शिंप्याकडे गेली. शिंपी मशीनवर होता, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या तरी त्याला बोलायला अडचण येत नसे.

"तात्या निघाले?"

"तुम्ही निघा ना शिंपीदादा. पोरं यायची वेळ झाली."

"हे बघ, मी एकटा असतो तर पळत आलो असतो. पण मी पालकांचा प्रतिनिधी आहे. मी तिथं ताटकळलो म्हणजे सगळे पालक ताटकळले. तो अपमान नुसता माझा नाही, तुझासुद्धा आहे. तूही पालकच आहेस ना?"

पाणीवालीची मुलगी सहावीत होती. त्यामुळे हा अपमान तिचाही होता, हे तिला मान्य करावं लागलं.

हेडमास्तर शाळेच्याच आवारातल्या खोलीत राहत. कार्यालयाच्या टेबलावर काचेचा जाड गोळा होता, त्याच्या शेजारी त्यांची किल्ली पडलेली असे. पाणीवाली ते टेबल पुसत असतानाच ते इस्त्रीचा शर्ट घालून आत आले.

"माझी किल्ली इथं उघड्यावर असते बघ. मी लपवाछपवी करत नाही, इतरांसारखी."

"मग सर, तुम्ही पुढं चला. तुम्ही दिसलात की ते दोघं येतील."

"मी इथं व्यक्ती नाही, संस्था आहे. संस्था आधी जाऊन उभी राहिलेली बरी दिसत नाही. ते आले की कळव."

त्या दिवशी घंटा झाली तेव्हा पिंपं कोरडी होती. पोरं पेले आपटत बसली. तिघं आले ते उन्हं डोक्यावर आल्यावर, तेही लांब लांब उभे राहून एकमेकांचे पाय पाहत. पहिलं पाऊल कोण टाकतो याकडे तिघांचं इतकं लक्ष होतं, की शेवटी पाणीवालीलाच "एक, दोन, तीन" म्हणावं लागलं.

असे काही दिवस गेल्यावर पाणीवाली शहाणी झाली. तिनं खोटं बोलायला सुरुवात केली.

"तात्या, ते दोघं कधीचे येऊन उभेत. शिंपी म्हणतोय, तात्यांचं वय झालं, उठवत नसेल."

"कोण? तो सुईदोरा?" तात्या टॉवेल खांद्यावर टाकून निघालेच.

शिंप्याला ती म्हणाली, "शिंपीदादा, सर आणि तात्या कुलपं उघडून बसलेत. तुमचं फोडायचं बोलतायत."

हेडमास्तरांना म्हणाली, "सर, ते दोघं म्हणतात, आपण दोघंच पुरे, शाळेचं काय काम."

तीन रस्त्यांनी तिघं एकदमच टाकीपाशी पोचत, धापा टाकत, आणि दुसरा आधी आलेला पाहून चिडत. चिडल्यामुळे कुणी कुणाशी बोलत नसे. न बोलल्यामुळे खोटं टिकून राहिलं. घंटेआधी पिंपं भरू लागली. पोरं पाणी पिऊ लागली. हेडमास्तरांनी भागीदारी यशस्वी झाल्याचं वर कळवलं, आणि ते तसं खरंच होतं.

घरी सासू भिंतीला टेकून बसलेली असायची. तिला बसल्या जागेवरून सगळं कळायचं.

"खोटं बोलून पाणी आणतेस होय गं? असलं पाणी पचतं कसं लोकांना?" असं म्हणून ती तांब्या तोंडाला लावायची आणि रिकामा करूनच खाली ठेवायची.

"तुम्हाला पचतंय ना आत्याबाई, मग बाकीच्यांनाही पचेल."

"तोंड बघ हिचं. अरे, ऐकतोस का?" सासू पोराला म्हणायची.

नवरा छताकडे बघत पडलेला असायचा. "आई, तिला बोलू नकोस. तिचं डोकं फिरलं, की आपलं पाणी तुटेल."

खोटं बाहेर पडलं ते टँकरवर. शिंप्याची बायको तात्यांच्या बायकोला म्हणाली, तुमचे हे रोज आमच्या ह्यांची वाट बघत उभे असतात म्हणे, बिचारे. तात्यांच्या बायकोच्या हातातली कळशी तिथंच खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिघा भागीदारांत पहिल्यांदाच सविस्तर बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात सभा भरली. तिघं खुर्च्यांवर. पाणीवालीला हेडमास्तर म्हणाले, "बस." बसायला पोरांचा बाक होता. त्यात तिचे गुडघे हनुवटीला लागले.

"तू मला सुईदोरा म्हणालीस?" शिंपी म्हणाला.

"मी नाही. तात्या म्हणाले."

"मी म्हणालो," तात्या म्हणाले, "पण हिनं म्हणायला लावलं."

"माझ्या वयावर कोण बोललं?" तात्यांनी विचारलं.

"मीच. पण पाण्यासाठी."

"पाण्यासाठी माणसाचं वय काढायचं?"

हेडमास्तरांनी हात वर करून शांतता पसरवली. "भागीदारीचा पाया विश्वास आहे. आम्ही तिघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हतो ते याच बाईमुळे."

"सर, तुम्ही आधीही बघत नव्हता," पाणीवाली म्हणाली. बाकात अडकलेल्या माणसाच्या बोलण्याला वजन नसतं, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही.

शिक्षा अशी झाली: दोनपैकी एक हंडा बंद. आणि इथून पुढं ज्या दिवशी घंटेला पिंपं रिकामी दिसतील, त्या दिवशी तिची सुट्टी, कायमची. तिच्या जागी बाई तयार होती. तीन बायका तयार होत्या, प्रत्येकाच्या नात्यातली एकेक. एवढ्याच कारणामुळे तिला त्याच दिवशी काढलं नाही.

बाकातून उठताना तिचा गुडघा कडेला घासला. दाराबाहेर तिची मुलगी उभी होती, दप्तर पोटाशी धरून.

"आई, वर्गात सगळे तुला चहाडखोर म्हणतात."

"मग? पाणी प्यालीस का आज?"

"प्याले."

"मग म्हणू दे."

त्यानंतर आठवडाभरात हेडमास्तरांनी पुढच्या वर्षीचे गणवेश शहरातून तयार मागवायचं ठरवलं. शिंप्याला ते पोरांकडून कळलं. तो मशीनवरून उठला नाही, ओरडला नाही. त्यानं खुंटीवरचा आपला कोट काढला, अस्तर उसवलं, किल्ली आत ठेवली आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकली.

पाणीवाली सकाळी गेली तेव्हा कोट अंगावर होता, त्या उन्हात.

"किल्ली आहे ना दादा?"

"आहे की. इथं." त्यानं बरगडीवर थाप मारली. "अस्तरात. उसवायची वेळ आली की उसवीन."

"अहो, तुमचाही पोरगा शाळेत आहे."

"त्याला बाटली भरून देतो मी. घरचा माठ आहे. तुझी पोरगी तुझी तू बघ."

"प्रतिनिधी आहात ना पालकांचे?"

"आहे. म्हणूनच सगळ्या पालकांतर्फे रुसलोय."

हेडमास्तरांनी हे ऐकून चष्मा पुसला. "पिंपं भरणं तुझं काम. कुठून भरायची हे सांगणं माझं काम नाही." आणि मुलांना त्यांनी 'पाणी वाचवा' या विषयावर निबंध घातला. पोरांनी कोरड्या जिभांनी पेन्सिली ओल्या करत तो लिहिला.

नदीचं पात्र गावापासून लांब होतं. पात्र म्हणजे आता नुसती वाळू. तिथं हातानं खड्डा उकरायचा, कडेची वाळू घसरली की पुन्हा उकरायचा, तळाशी ओल साचायची वाट बघायची, आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. पाणीवाली पहाटे निघायला लागली. डोक्यावरच्या चुंबळीखालचे केस आधी चिकटले, मग गळायला लागले. मान अशी आखडली की कोणी हाक मारली तर तिला सगळं अंगच वळवावं लागे. नखांत गेलेली वाळू ठणकायची. पिंपाच्या तळाला पहिला हंडा ओतला की पाण्याचा आवाज ऐकून पोरं धावत यायची, आणि दुसरा हंडा येईपर्यंत पिंप पुन्हा कोरडं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी नवरा उठला. भिंत धरून, मग खांब धरून.

"तुम्ही कुठं?" ती म्हणाली.

"पडून पडून कंबर दुखतेय. चालून दुखली तर काही फरक पडणार नाही."

तो कावडीनं दोन डबे आणायला लागला. तो वाकायचा तेव्हा ती दुसरीकडे बघायची. सासूनं दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी एक लहान कळशी उचलून मागोमाग चालायला लागली, शिव्या चालूच ठेवून. शिव्यांमुळे तिची चाल लागायची, असं ती म्हणे.

नवरा, बायको आणि सासू तिघंही येता जाता टाकीच्या खोलीवरून जात. मोटर रोज चालत होती. ती कार्यालयातल्या बटणावर चाले, आणि किती वेळ चालली हे हेडमास्तरांना वर कळवावं लागे. टाकी काठोकाठ भरली होती. जादा पाण्याची नळी मागच्या भिंतीतून बाहेर निघून तात्यांच्या शेतात उतरली होती. नळीखाली सिमेंटचा नवा हौद होता आणि हौदाशी तात्यांच्या म्हशी होत्या, पोटं टम्म, शेपट्या स्वस्थ.

पाणीवाली एकदा हंडा घेऊन कुंपणातून आत शिरली. तात्या बांधावरच बसले होते.

"काय गं?"

"एक हंडा घेते तात्या. पोरांसाठी. टाकीचंच पाणी आहे."

"टाकीतलं टाकीत. इथं आलं ते माझ्या शेतातलं."

"पण तिथूनच तर येतंय."

"ढगातूनही येतं. मग काय ढगाला विचारून पितेस? नियम काय ठरलाय? टाकीचं पाणी तिन्ही कुलपं उघडल्याशिवाय घ्यायचं नाही. मी नियम मोडणाऱ्यातला नाही." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "शिंप्याला सांग कोट उसवायला. माझी किल्ली कधीही तयार आहे."

बाहेर येताना कुंपणाच्या काट्यात तिचा दंड फाटला. तात्या म्हणाले, "सांभाळून," आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. कुंपण नवीन होतं.

त्याच दुपारी नवऱ्यानं घरातून घण आणला. मधल्या सुट्टीची वेळ होती. पोरं व्हरांड्यात, रिकामे पेले घेऊन. तो लोखंडी दारासमोर उभा राहिला, पाय फाकवून, खाणीत उभा राहायचा तसा. शिंप्याचं कुलूप मधे होतं, पितळी, त्यावर सिंहाचं तोंड. पाणीवाली धावत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"सोड. एक घाव. एका घावात बसतंय ते."

"अहो, फोडलंत तर आपल्यावर खटला होईल."

"होऊ दे."

"आज तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. हे फोडलंत की तिघं एक होतील. त्यांची खरी भागीदारी आपल्या अंगावर सुरू होईल. मला कामावरून काढतील, तुम्हाला आत घालतील, आणि पोरीचं नाव काढून टाकतील. एक हंडा तरी येतोय घरी, तोही जाईल."

"कुठं येतोय? आपणच ओततोय त्यांच्या पिंपात!"

"तरी काम आहे. नळ उघडेल त्या दिवशी हंडा मिळेल. हात खाली घ्या."

त्यानं हात खाली घ्यायला घेतला आणि तिथंच त्याची कंबर धरली. तो अर्धा वाकलेला, घणाच्या दांड्यावर भार देऊन, ना वर ना खाली असा थांबला. पोरांना वाटलं काही खेळ आहे. एक हसलं, मग सगळी हसली. पाणीवालीची मुलगी हसणाऱ्यांतल्या एकाच्या पाठीत धपाटा घालून वर्गात निघून गेली.

हेडमास्तर बाहेर आले. "शाळेच्या आवारात हत्यार आणायला बंदी आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही वाकून का उभे आहात?"

"सवय आहे सर," नवरा दात आवळून म्हणाला. "वीस वर्षांची."

त्याला घरी न्यायला दोन माणसं लागली. त्यानंतर तो उठला नाही. मग सासू आणि सून, दोघीच.

असं चाललं असताना बातमी आली की वरून शिक्षण खात्याचे साहेब येणार. भागीदारीचा आदर्श नमुना डोळ्यांनी पाहायचा म्हणून स्वतः येणार होते. हेडमास्तर त्याच संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गेले. ते आत किती वेळ होते आणि काय बोलले हे कोणाला कळलं नाही, पण निम्मे गणवेश शिंप्याला मिळाले आणि साहेबांच्या उजव्या हाताची खुर्चीही. शिंप्यानं कोट काढला आणि एकेक टाका उसवत बसला. कापड खराब होऊ नये म्हणून तो फार सावकाश उसवत होता. तेवढ्यात पाणीवालीच्या दोन खेपा झाल्या.

साहेब आले. पोरांना उन्हात दोन रांगांत उभं केलं होतं. तिघं भागीदार किल्ल्या हातात धरून टाकीपाशी, आणि आज प्रथमच, प्रत्येकजण इतर दोघांच्या आधी आला होता.

"आधी तात्या," हेडमास्तर म्हणाले.

"छे छे, आधी शाळा."

"पालकांना पहिला मान," शिंपी म्हणाला आणि मग आपणच पालक असल्याचं आठवून लाजला.

फोटोवाल्यानं तिघांना एकदम कुलपं धरायला लावली. तीन कुलपं उघडली. पाणीवालीला मागं उभं केलं होतं. तिला हाक मारली गेली, तिनं साखळी ओढली आणि पटकन बाजूला झाली, फोटोत नको म्हणून. दार उघडलं. तोटी फिरवली. पाणी आलं, गार, जाड धारेनं. पोरांच्या रांगेतून एक आवाज निघाला, तो घोषणेचा नव्हता. साहेबांनी पेला तोंडाला लावला.

"गोड आहे," साहेब म्हणाले. "विश्वासाचं पाणी आहे हे." मग त्यांची नजर पाणीवालीवर गेली. "या कोण?"

"पाणी भरते, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"पगारी?"

"अं... नाममात्र. आणि एक हंडा."

साहेबांनी मान हलवली, दुःखानं. "इथं मात्र तुम्ही कमी पडलात. पाणी भरायला पगारी माणूस, म्हणजे मग भागीदारी कुठं राहिली? पालकांनी पाळीपाळीनं भरायला हवं. आपल्या मुलांसाठी, आनंदानं."

टाळ्या पडल्या. तात्यांनी वाजवल्या, शिंप्यानं वाजवल्या, हेडमास्तरांनी वाजवत वाजवतच "उद्यापासून" असं म्हटलं. पाणीवालीचे हातही टाळीसाठी वर आले होते, कारण सगळे वाजवत होते. मग तिला कळलं कशासाठी ते, आणि तिनं ते फडक्याला पुसले.

संध्याकाळी हेडमास्तर तिला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. बादल्या शाळेच्या आहेत, ठेवून जा. हंडा अर्थात आजपासून बंद."

दुसऱ्या दिवसापासून पालकांच्या पाळ्या लागल्या. पहिली पाळी तिचीच आली, कारण पालक तर ती होतीच, आणि हेडमास्तरांच्या मते तिला कामाची माहिती होती. बादली तिनं घरून न्यायची होती. तात्या त्या सकाळी आले नाहीत, टाकी उपसली की हौदावरचं म्हशींचं पाणी तुटतं, याला त्यांची हरकत होती. तेव्हा पिंपं पुन्हा वाळूतल्या पाण्यानंच भरली. सासूनं वाटेत विचारलं, "आता कशाला? आता तर कामही नाही."

"पोरगी आहे ना आत."

"ती घरी राहील."

"नाही राहणार," पाणीवाली म्हणाली. एवढं एकच वाक्य ती त्या दिवशी चढ्या आवाजात बोलली.

परतताना घरच्या बादलीचा कान तुटला. ती वेल्डिंगवाल्याकडे गेली. त्यानं बादली उलटी करून पाहिली, चष्मा डोळ्यांवर ओढला.

"टाकीचं कसं चाललंय? साहेब येऊन गेले म्हणे."

"गेले."

"मोठी साखळी आणली का मग कोणी?"

"नाही. तीच आहे."

"अजून तीच?" तो हसला. "त्यांना सांग बाई, बदलून घ्या. त्या दिवशी मला भूक लागली होती, साखळी आखूड पडली, मी कुलपं एकात एक ओवून टाकली. त्यात काही दम नाही. तिन्हींतलं कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. बाकी दोन आहेत तशी बंद राहू देत, दार उघडतंच."

पाणीवाली एक पाऊल पुढं आली.

"कुठलंही एक?"

"कुठलंही. पहिल्या दिवसापासून. डोळे तिकडं कर, ठिणगी उडेल."

तिनं डोळे तिकडं केले. रस्त्यापलीकडे शाळा सुटत होती.

हेडमास्तरांची किल्ली रोज कार्यालयातल्या टेबलावर, काचेच्या गोळ्याशेजारी पडलेली असे. कालपर्यंत शाळा भरायच्या आधी ते टेबल पाणीवालीच पुसत असे.